रेतीतलं मीठ

इंदूबाई खेळण्यांशी बोलतात. मी कामाला लागले त्याच आठवड्यात हे मला कळलं. मोरीत बादलीजवळ बसून त्या एका रबरी मगरीला म्हणत होत्या, "चाल गा, आता तुझा नंबर. लय मार खाल्ला आज."

नागपूरच्या धंतोलीत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर लहान मुलांच्या मनाचा दवाखाना आहे. तिथे औषधाच्या बाटल्या नाहीत. एक खेळाची खोली आहे. दीक्षा मॅडम त्या खोलीत मुलांबरोबर बसतात. इंदूबाई ती खोली साफ करतात. मी बाहेरच्या टेबलाशी बसते, फॉर्म भरते, फोन घेते. मॅडम सांगतात त्या नोंदी टाइप करते.

इंदूबाई छप्पन्न वर्षांच्या आहेत. त्या नंदनवनला राहतात, मीही तिथेच खोली घेतली आहे. सकाळी आम्ही एकाच शेअर ऑटोने येतो, संध्याकाळी एकाच ऑटोने जातो. आमच्या वयात तीस वर्षांचं अंतर आहे, पण माझी मैत्रीण कोण असं कुणी विचारलं तर मी त्यांचंच नाव सांगीन. त्यांच्या डब्यातली भाजी मी खाते. मी वाचत असलेल्या पुस्तकाची गोष्ट त्या ऑटोत ऐकतात आणि मधेच विचारतात, "ते बाई जेवली का नाई शेवटी?"

त्यांचा नवरा राईस मिलमध्ये होता. तो जाऊन दहा वर्षं झाली. मुलगा जितेंद्र शाळेची व्हॅन चालवतो. त्याच्याबद्दल त्या एक गोष्ट नेहमी हसत सांगत. "माझं पोट्टं असं जिद्दी, मामाच्या गावाले पाय ठेवत नाही. लहानपणी मारत मारत एस्टीत बसवलं तं उमरेडले उतरून पळालं. मामाच्या पोरीचं लग्न झालं, सगळं खानदान गेलं, हा नाही. काय वैर हाये मामाशी, कोनाले माहीत." मी दर वेळी हसायचे. शेजारी बसलेली बाईही हसायची.

खेळाच्या खोलीचा एक नियम आहे. मूल गेलं की खोली पुन्हा होती तशी करायची. भातुकली खिडकीखाली. गाड्या खालच्या फळीवर. बाहुल्या दुसऱ्या फळीवर, तान्हं बाहुलं उजव्या टोकाला. गाई, बैल, मगर टोपलीत. मधोमध रेतीचा लाकडी पेटारा, आतून निळा रंगवलेला. त्यातली रेती चाळणीने चाळायची, पुरलेलं सगळं काढायचं, धुवायचं, जागेवर ठेवायचं. पुढच्या मुलाला, किंवा त्याच मुलाला पुढच्या आठवड्यात, खोली जशीच्या तशी मिळाली पाहिजे.

मॅडमनी इंदूबाईंना पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "मावशी, इथे येणाऱ्या मुलाच्या घरात सगळं हललेलं असतं. ही एक जागा हलू द्यायची नाही."

इंदूबाईंनी ते व्रतासारखं घेतलं. सहा वर्षांत एक खेळणं चुकीच्या जागी गेलं नाही. मगरीचं पोट त्यांनी चार वेळा शिवलं. एकदा चहाचा एक इवला कप हरवला, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून नातीचा कप आणून ठेवला आणि दिवसभर अपराध्यासारख्या वागल्या.

मलाही सुरुवातीला तिथल्या कामाचा अर्थ कळत नव्हता. आईबापांना तर नाहीच. ते टेबलाशी येऊन म्हणत, "मॅडम, खेळते तं ते घरी बी. त्यासाठी इथं काहून यायचं?" मग मॅडम त्यांना आत बोलावून समजावत. मोठ्या माणसाला दुखलं तर तो सांगतो. लहान मुलाकडे तेवढे शब्द नसतात. ते खेळून सांगतं. इथे आपण त्याला विचारत नाही, शिकवत नाही, शाबासकी देत नाही. ते काय करतं ते लक्ष देऊन बघतो, आणि आपण बघतो आहोत हे त्याला कळू देतो. भीती, राग, जे काही आत बसलेलं असेल, ते हळूहळू हातांतून बाहेर येतं. एकदा बाहेर आलं की त्याला त्याच्याशी काहीतरी करता येतं.

काही आईबाप मान डोलावत. काही पुन्हा येत नसत.

मूल आत असताना इंदूबाईंना खोलीत जायला परवानगी नव्हती. मूल गेल्यावर त्या बादली आणि चाळणी घेऊन जात. मूल काय खेळलं ते त्यांना मागे उरलेल्यावरून कळायचं. मला नोंदींवरून कळायचं. पण आम्ही दोघी त्याबद्दल एकमेकींशी बोलत नसू. तोही नियमच होता. खोलीतलं खोलीत.

पिंकी डिसेंबरमध्ये आली. पाच वर्षांची, दोन घट्ट वेण्या, लाल स्वेटर. भिवापूरहून वडील तिला घेऊन आले होते. ताराचंद त्यांचं नाव. भिवापुरात त्यांची मिरची दळायची चक्की आहे. ते टेबलाशी उभे राहिले आणि मला तीन शिंका आल्या. ते मागे सरकले. "माफ करा मॅडम. कपडे बदलून आलो, तरी येते."

मुलगी दिवाळीपासून बोलत नव्हती. आधी खूप बोलायची. कान तपासले होते, घसा तपासला होता. सगळं ठीक होतं. जेवत नव्हती. अंथरूण ओलं करत होती. दुपारी पवनीकडून बस यायच्या वेळेला ती दारात जाऊन बसायची. बस गेली की आत यायची.

मी फॉर्म भरत होते. घरात कोण कोण, विचारलं. आई, मी, बायको, ही. भावंडं, विचारलं. ताराचंदनी पेनाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही."

मी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं.

मग दर गुरुवारी ते येऊ लागले. सकाळची बस, दोन तासांचा रस्ता, गणेशपेठच्या बसस्टँडवरून चालत धंतोली. पिंकी आत जायची, पाऊण तासाने बाहेर यायची. ताराचंद खुर्चीच्या कडेवर बसून राहायचे.

नोंदी मी टाइप करत होते. पहिले दोन गुरुवार ती नुसती खोलीच्या मधोमध उभी राहिली. तिसऱ्या गुरुवारी तिने दुसऱ्या फळीवरून तान्हं बाहुलं उचललं आणि रेतीच्या पेटाऱ्यात ठेवलं. वर रेती टाकली. दोन्ही हातांनी थापटली. चौथ्या गुरुवारी तेच. शिवाय टोपलीतलं लाकडी कुंपण काढून त्या जागेवर आडवंतिडवं रचलं. पाचव्या गुरुवारी मॅडमनी जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे. 'आत आल्यावर फळीकडे पाहिलं. बाहुलं जागेवर आहे हे पाहून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सहा मिनिटं. नंतर बाहुलं पुन्हा पुरलं.' सहाव्याला भिंतीपाशी दहा मिनिटं. सातव्याला तिने बाहुलं उचलताना दात आवळले होते. खाली मॅडमनी सांगितलं, 'पुनरावृत्ती. मुलं एकच खेळ पुरा होईपर्यंत खेळतात. वाट पाहायची.'

पण घरून येणाऱ्या बातम्या वाईट होत्या. पिंकी आता पोळीचा अर्धा तुकडाही खात नव्हती. बस आली की दारातून उठून रस्त्यावर जात होती.

नवव्या गुरुवारी ताराचंद मुलीला आत सोडून माझ्या टेबलाशी आले. "पुढचा गुरुवार, मंग बंद करतो मॅडम. मिरचीचा सिझन हाये, चक्की बंद ठेवून यायले जमत नाही. आन् फरक बी नाही. तिले तिच्या आत्याकडं ठेवतो गडचिरोलीले. जागा बदलली तं बोलन."

"किती दिवस ठेवणार?"

"राहीन. शाळा बी तिकडंच."

मी मॅडमना सांगितलं. त्या चष्मा पुसत राहिल्या. दारात बसून वाट पाहणारी ही मुलगी आता घरच सोडून जाणार होती, आणि ती कशाची वाट पाहते हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी पिंकी गेल्यावर इंदूबाई चाळणी घेऊन आत गेल्या. दुसरं मूल येऊन बाहेर बसलं होतं, आणि खोली उघडत नव्हती. मी दार ढकललं.

इंदूबाई जमिनीवर बसल्या होत्या. एका हातात धुतलेलं बाहुलं, निथळत होतं. दुसऱ्या हाताची बोटं ओठांशी.

"रेतीत खडे राहिले होते," त्या म्हणाल्या. "पांढरे. चाळणीतून खाली जात नव्हते. वाटलं साखर असन, मुंग्या होतीन. म्हणून जिभेले लावलं." त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. "मीठ हाये वं."

पिंकी येताना बोरं खात होती, ते मी पाहिलं होतं. बसस्टँडबाहेर बोरांबरोबर कागदाच्या पुडीत मीठ देतात. "बोरांचं सांडलं असेल," मी म्हणाले.

"बोरं खाल्ली तं मीठ पोटात जाते. हे जपून आणलं तिनं. खाली टाकलं, बाहुल्याखाली. थर होता." त्यांनी तळहात मिटला. "यांच्या घरी लहान लेकरू गेलं का?"

"फॉर्मवर तर भावंड नाही म्हणून..."

"फॉर्म ठेव बाजूले."

मग त्यांनी सांगितलं. लहान लेकराला जाळत नाहीत. पुरतात. खड्ड्यात मीठ टाकतात. वरून बोराटीच्या काट्या रचतात, जनावराने उकरू नये म्हणून. मी आडव्यातिडव्या रचलेल्या लाकडी कुंपणाकडे पाहिलं. अजून पेटाऱ्याच्या काठावर पडलं होतं. मी ते पाच वेळा टाइप केलं होतं.

इंदूबाई हातातल्या बाहुल्याकडे पाहत होत्या.

"आन् मी दर गुरुवारी उकरून काढलं," त्या म्हणाल्या. "धुऊन, पुसून, जागेवर ठेवलं."

दीक्षा मॅडम नागपुरातच वाढल्या आहेत. गावचा नाला आणि त्याच्या काठची, लेकरं पुरतात ती बाभळीखालची जागा त्यांनी पाहिलेली नव्हती. इंदूबाईंचं सगळं ऐकून त्यांनी नोंदींची फाइल मागितली. उभ्यानेच वाचली. मग खुर्चीत बसल्या.

"घरचे तिला सांगत असतील, बाळ गेलंय, येईल परत," त्या म्हणाल्या. "आणि ती त्याला नीट पोचवून जायची, तर आमची खोलीही तेच सांगायची. आलं बघ परत."

"माह्या हातानं झालं, मॅडम."

"नाही मावशी. खोली हलू द्यायची नाही, हे मी सांगितलं होतं. तुम्ही तेच केलं. चूक माझी आहे."

त्यांनी ताराचंदना फोन लावला. ते बसस्टँडवर होते. मागे कंडक्टरचा आवाज येत होता. मॅडमनी हळू आवाजात विचारलं. पलीकडे इतका वेळ काही आलं नाही की फोन कटला असं मला वाटलं. मग ते म्हणाले, "पोरगा होता. एकवीस दिवसांचा." आणि मग खरंच कटला.

इंदूबाईंनी विचारलं, मी ते बाहुलं परत पुरून ठेवू का. मीठ टाकून, कुंपण लावून, जसं तिनं केलं होतं तसं. मॅडमनी फाइल मिटून टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, नको. तिचं आपण मोडलं. आपणच परत करून ठेवलं आणि काही झालंच नाही असं दाखवलं, तर ते अजून एक खोटं होईल.

त्या आठवड्यात ऑटोत इंदूबाईंनी पुस्तकाची गोष्ट विचारली नाही. मामाच्या गावाची गोष्टही सांगितली नाही.

पुढच्या गुरुवारी ताराचंद आले. मॅडमनी त्यांना आधी बोलावलं. दार उघडं होतं.

"तिला खरं सांगावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "साध्या शब्दांत. झोपला, देवाघरी गेला, असं नाही."

"पाच वर्षांच्या पोरीले मी काय सांगू, मॅडम? तुझा भाऊ मातीत हाये म्हणून?"

"तिला ते माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे, एवढंच तिला माहीत नाही."

"ते घरी होती. बायांजवळ. तिनं काही पाहिलं नाही." ते उठले. "शेवटचा गुरुवार हाये. खेळू द्या तिले."

पिंकी आत गेली. दार लागलं. दाराआड काय घडलं ते मला नंतर नोंदीत कळलं. मॅडम तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पिंकी, तू गेल्यावर दर वेळी आम्ही रेतीतून बाळ काढत होतो. तो आमचा नियम होता. तो चुकला. आज तू ठेवशील ते आम्ही काढणार नाही. तू पुढच्या गुरुवारी येशील तेव्हा ते तिथेच असेल." पिंकी फळीकडे बघत उभी होती. या वेळी भिंतीकडे वळली नाही.

पण पुढचा गुरुवार नव्हता. हे मॅडमनाही माहीत होतं.

बाहेर मी होते आणि ताराचंद होते. इंदूबाई फरशी पुसत त्यांच्या खुर्चीपर्यंत आल्या. बादली बाजूला ठेवली. आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. दोन वर्षांत मी त्यांना पेशंटच्या खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं. बसल्याबरोबर त्यांना दोन शिंका आल्या.

"मिरची खिशात घेऊनच फिरता काय गा?"

"अंगातच बसली मावशी. तीनदा आंघोळ केली तरी जात नाही." ताराचंद किंचित हसले. "बायको म्हणते, तुमच्यासाठी वेगळी खोली बांधा."

"बरोबर म्हणते." इंदूबाईंनी पदराने नाक पुसलं. मग त्याच आवाजात विचारलं, "पोराले कोनाच्या हातानं ठेवलं?"

ताराचंदनी हात मांडीवर ठेवले. "माह्या."

"मीठ?"

"मीच टाकलं."

"तवा पोरगी घरी होती."

"हाव. बायांजवळ."

"मंग मीठ तिनं कुठं पाहिलं?"

ताराचंदनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. इंदूबाईंनी सांगितलं, गेल्या गुरुवारी रेतीत काय सापडलं ते. जिभेला लावून पाहिलं ते. त्यांनी घाई केली नाही. ताराचंद आपल्या हातांकडे बघत राहिले. नखांच्या कडा लाल होत्या.

"तिले काय सांगतलं घरी?" इंदूबाईंनी विचारलं.

"मामाच्या गावाले गेला म्हणून. पवनीकडं."

माझ्या हातातलं पेन थांबलं. दारात बसून ती कोणत्या बसची वाट पाहत होती ते मला तेव्हा कळलं. मग इंदूबाई बोलल्या, आणि मला दुसरंही काही कळलं.

"मी बी तेच सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "माझा दुसरा. दीड महिन्याचा होऊन गेला. मोठा तवा सहा वर्षांचा. बाबू कुठं गेला म्हणे. मी म्हटलं, मामाच्या गावाले. तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी सांगीन म्हटलं, खरं. दुसऱ्या दिवशी जड झालं. मंग तो विचारेचना. मले वाटलं, लेकरू हाये, विसरला." त्यांनी पदर सारखा केला. "अठ्ठावीस वर्षं झाली."

"अजून नाही सांगतलं?"

"नाही."

"विसरला असन मावशी."

"मामाच्या गावाले पाय नाही ठेवत तो," इंदूबाई म्हणाल्या. "मी लोकाईले हसत सांगतो. माझं पोट्टं जिद्दी हाये म्हणून."

त्या उठल्या, बादली उचलली आणि मोरीकडे गेल्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. दोन वर्षं मी ती गोष्ट ऐकली होती. शंभर वेळा असेल. दर वेळी हसले होते.

खोलीचं दार उघडलं. पिंकी बाहेर आली. कोपरापर्यंत रेती लागली होती. मागे मॅडम उभ्या होत्या. पिंकी वडिलांसमोर येऊन थांबली, नेहमीसारखी, निघायची वाट बघत.

ताराचंद खुर्चीतून उतरून खाली बसले. ओल्या फरशीवर. त्यांचं तोंड तिच्या तोंडाच्या उंचीला आलं.

"पिंके," ते म्हणाले. "बाबू मामाकडं नाही गेला. बाबू मेला. मी त्याले नाल्याजवळ पुरलं. बाभळीखाली." त्यांचा आवाज तिथपर्यंत नीट होता. "मी खोटं बोललो वं माय."

पिंकीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. हातांकडे पाहिलं. खाली रस्त्यावर एक ॲम्ब्युलन्स गेली, धंतोलीत त्या जातच असतात.

मग तिचा आवाज आला. खरखरीत, बराच काळ न उघडलेल्या दारासारखा.

"मीठ टाकलं?"

"टाकलं."

"काटे?"

"काटे बी ठेवले. चांगले दाट."

तिने मान हलवली. मग वडिलांच्या शर्टाला आपले रेतीचे हात पुसले, एक, मग दुसरा. ताराचंदनी तिला जवळ घेतलं, आणि पिंकी शिंकली.

जाताना ते टेबलाशी थांबले. "पुढचा गुरुवार लिहून घ्या मॅडम," ते म्हणाले. दारापर्यंत गेले आणि परत आले. "आन् त्या फॉर्मवर भाऊ लिहा. एक."

त्या आठवड्यात रेतीचा पेटारा कुणी चाळला नाही. मॅडमनी त्यावर धुतलेली चादर टाकली. बाकीच्या मुलांसाठी इंदूबाईंनी शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर रेती मागून आणली. रोज संध्याकाळी त्या खोली आवरत, सगळं जागेवर लावत, आणि त्या चादरीला वळसा घालून बाहेर येत. चाळणी खिळ्यालाच टांगलेली होती. सहा वर्षांची सवय मोडणं त्यांना जड जात होतं हे दिसत होतं. चादर थोडी सरकली तरी त्या थांबून सारखी करत. पिंटू नावाच्या एका मुलाने मॅडमना विचारलं होतं, याच्याखाली काय आहे. मॅडम म्हणाल्या, "कुणीतरी ठेवलंय." पिंटू मग तिथून पाय न वाजवता जाऊ लागला.

गुरुवारी पिंकी आली. तिने चादर उचलली. ढिगारा तसाच होता, कुंपण तसंच. नोंद मी टाइप केली ती एवढीच होती. 'पेटाऱ्याजवळ बसून राहिली. हात लावला नाही. शेवटची दहा मिनिटं भातुकलीत भात शिजवला.'

त्यानंतर सगळं एकदम बरं झालं असं नाही. अंथरूण अजून ओलं व्हायचं अधूनमधून. बोलणं आलं ते थोडं थोडं, आधी घरी, मग शाळेत. पण बसच्या वेळेला दारात बसणं थांबलं. आत्याकडे जाणंही मागे पडलं. एका गुरुवारी तिची आई, गोपिका, पहिल्यांदा बरोबर आली. दिवाळीनंतर त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. इंदूबाईंनी त्यांना चहा दिला आणि त्यांच्याजवळ बसल्या. आता त्या कधीकधी त्या खुर्चीत बसतात.

चादर काढल्यावरच्या तिसऱ्या गुरुवारी पिंकीने ढिगाऱ्यावरचं कुंपण उचललं आणि गाईंभोवती लावलं. ढिगारा तसाच राहू दिला. ती गेल्यावर मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "मावशी, आता चाळा."

इंदूबाईंनी रेती चाळली. बाहुलं धुतलं, पुसलं, दुसऱ्या फळीवर उजव्या टोकाला ठेवलं. त्याच्याशी काही बोलल्या का, ते मी ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात पिंकीने त्याच्याकडे पाहिलं आणि खालच्या फळीवरचा ट्रक घेतला.

त्यानंतर एका सोमवारी ऑटोत इंदूबाई मला म्हणाल्या, "सांगतलं मी."

रविवारी दुपारी जितेंद्र घरासमोर व्हॅन धूत होता. त्या बादली घेऊन त्याला पाणी द्यायला गेल्या आणि उभ्यानेच सांगून टाकलं. तो टायर घासत होता. थांबला नाही.

"मले माहीत हाये, आई."

"कधीपासून?"

"तवापासून. थोडंसं."

"मंग मामाकडं काहून नाही जात?"

तो पुढच्या टायराकडे गेला. तोही घासला. मग म्हणाला, "गेलो असतो तं तो तिथं नसता ना."

इंदूबाईंनी हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि बाहेर पाहू लागल्या. सहा वर्षांच्या मुलाने केलेली ती व्यवस्था चौतीस वर्षांच्या माणसाने सांभाळली होती. आणि त्याची आई रोज दुसऱ्यांच्या मुलांची खेळणी जागेवर ठेवत होती.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "प्रीतम कुठं हाये म्हणे, दाखव. नाव त्यानंच घेतलं. मी घेतलं नव्हतं इतक्या वर्षांत."

पुढच्या रविवारी दोघं शाळेची व्हॅन घेऊन उमरेडच्या पुढे त्यांच्या जुन्या गावाला गेले. सोमवारी मी ऑटोत त्यांच्यासाठी जागा धरून बसले होते. त्या चढल्या, पिशवी मांडीवर घेतली, सुटे पैसे मुठीत धरले. मी विचारलं नाही.

"बाभूळ तोडली कोनीतरी," त्या म्हणाल्या. "पण नाला हाये. जागा सापडली."

ऑटो सिग्नलला थांबला. समोरून शाळेची एक पिवळी व्हॅन गेली. जितेंद्रची नव्हती. तरी त्यांनी ती जाईपर्यंत पाहिली.

"येताना भावाकडं गेलो," त्या म्हणाल्या. "जेवला तिथं. मामीनं विचारलं बी नाही काही, नुसती वाढत होती. दोनदा भात घेतला त्यानं."